डिग्री, सर्टिफिकेशन की अनुभव? लिनक्स अ‍ॅडमिन व्हायचंय, तर पैसे आधी कुठे घालायचे

क्लासची फी भरण्याआधी ‘लिनक्स अ‍ॅडमिन’ (लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळणारा), ‘सिस्टिम इंजिनिअर’, ‘एल-१ सपोर्ट’ (तक्रारी सगळ्यात आधी हाताळणारा) अशा वीसेक जाहिराती वाचा. पदवी ‘आवश्यक’ आहे की ‘असल्यास उत्तम’, अनुभव किती मागितलाय, एवढंच टिपून ठेवा. ज्या अटीवर सगळ्यात जास्त वेळा अडकता, तिथे पहिला खर्च.

पदवीवर अडकत असाल, तर सर्टिफिकेशनने ती उणीव भरून निघत नाही. कॅम्पस भरतीत बऱ्याच ठिकाणी दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के लागतात. त्याखाली अर्ज पुढे सरकतच नाही. नोकरी सोडता येत नसेल तर इग्नूचं बीसीए करता येतं. अमेरिकेचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा डोक्यात असेल तर आपली तीन वर्षांची बीएस्सी एकटी सहसा पुरत नाही. कमी पडलेल्या एका वर्षामागे तीन वर्षांचा अनुभव धरतात.

पदवी आहे, अनुभव नाही? मग आरएचसीएसए करा, म्हणजे रेड हॅट या लिनक्स कंपनीचं अ‍ॅडमिनचं सर्टिफिकेशन. ही पर्याय निवडायची परीक्षा नाही, मशीनवर कामं करून दाखवायची. ३०० पैकी २१० गुण लागतात. सराव घरी होतो: व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरवर आभासी मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर) रॉकी लिनक्सची (रेड हॅटसारखंच, पण फुकट) दोन मशीन्स, प्रत्येकी २ जीबी रॅम, २० जीबी डिस्क, शिवाय एलव्हीएमच्या (डिस्कची जागा लवचिकपणे वाटायची सोय) सरावासाठी ५ जीबीची रिकामी डिस्क.

मुलं नापास होतात ती रीबूटवर. सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) ‘स्टार्ट’ केली, पण ‘एनेबल’, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होईल अशी, करायची राहिली, की रीबूटनंतर ती बंद आणि गुण गेले. एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची याची फाइल) यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकाचं, एक अक्षर चुकलं की मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. म्हणून फाइल बदलली की आधी ‘माउंट -ए’ ही कमांड, ती फाइलमधल्या डिस्क जोडून बघते. एरर आली नाही तरच रीबूट. एसईलिनक्स (लिनक्सची जादा सुरक्षा यंत्रणा) आडवं येतंय म्हणून ते बंद करून टाकणं हा उपाय नाही, नोकरीतही नाही.

डम्प (परीक्षेतून फुटलेले प्रश्न) पाठ करून मिळवलेलं सर्टिफिकेट मुलाखतीत पाच मिनिटं टिकतं. विचारतात काय, तर ‘डीएफ’ ही कमांड डिस्क १०० टक्के भरलेली दाखवतंय, फाइलींचा आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज मात्र निम्मीच, जागा गेली कुठे? बऱ्याचदा कुणीतरी मोठी लॉग फाइल डिलीट केलेली असते, पण प्रोसेसने ती उघडी धरून ठेवलेली असते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ’ने ती प्रोसेस शोधून सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी. असले घोळ घरच्या लॅबमध्ये मुद्दाम करून बघा.

अनुभवाचं पत्र विकत घेऊ नका. बॅकग्राउंड चेकमध्ये पीएफच्या यूएएनवरचा (प्रत्येक कर्मचाऱ्याचा कायमचा पीएफ क्रमांक) नोकऱ्यांचा इतिहास बघतात, आणि तिथे ती कंपनी नसते. त्यापेक्षा नाइट शिफ्टचा एल-१ सपोर्ट पत्करा. रेझ्युमेत ‘लिनक्सचं ज्ञान’ असं मोघम न लिहिता किती सर्व्हर, कोणतं तिकीट टूल (तक्रारी नोंदवायचं सॉफ्टवेअर), कोणता बिघाड स्वतः सोडवला ते लिहा.

तीन-चार वर्षं झाल्यावर पुढच्या परीक्षेचे पैसे खिशातून घालू नका. व्हेंडरचं (रेड हॅटसारख्या सॉफ्टवेअर कंपनीचं) पार्टनर म्हणून राहायला अनेक कंपन्यांना सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, त्यामुळे मॅनेजरकडे परीक्षेच्या फीचं व्हाउचर मागा. त्याबदल्यात किती महिन्यांचा बाँड (तेवढे दिवस नोकरी न सोडण्याचा करार) आहे, ते मात्र सही करण्याआधी वाचा.