वृद्धाश्रमातल्या सिस्टर-मावशींशी जमवून कसं घ्यावं

आईला किंवा वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलं की सगळीकडून एकच सल्ला मिळतो, मावशींच्या हातात अधूनमधून शे-दोनशे टेकवत जा. मी परावलंबी ज्येष्ठांच्या एका केंद्रात घरचे लोक आणि कर्मचारी यांच्यातला समन्वय बघते आणि हा सल्ला ऐकला की मला राग येतो. पैसे एका मावशीला मिळतात. तुमच्या आईची कूस दर दोन तासांनी बदलायला मात्र तीन-चार जणी लागतात, आणि त्यांच्या मनात अढी बसते. दिवाळीला द्यायचंच असेल तर ऑफिसात सगळ्यांसाठी मिळून द्या. रात्रपाळीची आणि स्वयंपाकघरातली माणसं त्यातून सुटू देऊ नका.

फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या, विम्याचे कागद हे तुम्ही केलेलंच असणार. त्यापुढचं सांगते.

1. घरातून एकानेच बोलायचं. थोरला पुण्यातून सांगतो, आईला भात देऊ नका. धाकटी न्यू जर्सीहून सांगते, तिला हवं ते खाऊ द्या. सिस्टरने कुणाचं ऐकायचं? वाद घरात मिटवा आणि एकच नाव, एकच नंबर फाइलवर लिहून द्या.

2. ड्युटी बदलण्याच्या वेळी फोन करू नका. आमच्याकडे ती सकाळी आठ आणि रात्री आठ. तुमच्याकडची विचारून घ्या.

3. सवयींचा एक कागद पलंगाशी लावा. एकच पान, मोठ्या अक्षरांत. आजारांची जंत्री फाइलमध्ये असते, ती इथे नको. कोणत्या कानाने ऐकू येतं, कवळी रात्री काढतात का, चहा बशीत ओतून लागतो का, हाक कशी मारायची, एवढंच लिहा. आमच्याकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका ‘आजी’ म्हटलं की भिंतीकडे तोंड करतात, ‘बाई’ म्हटलं की अंघोळीला उठतात. हे मावशींना कुठल्याही केसपेपरवरून कळलं नसतं.

4. तक्रार करणं. खरी कसोटी इथे असते. मलाही हे जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

घरचे लोक बहुधा महिनोन्‌महिने गप्प बसतात. बोललो तर आपल्या माघारी आईवर राग काढतील, ही भीती. मग एखाद्या रविवारी सगळं एकदम बाहेर पडतं, आणि ते झेलते नुकतीच ड्युटीवर आलेली एखादी पोर. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण गप्प बसल्याने ती कमी होत नाही. ज्यांच्या घरचे नेमाने येतात आणि नेमकं विचारतात, त्यांच्याकडे कर्मचाऱ्यांचं जास्त लक्ष राहतं, हे मी रोज बघते.

‘तुम्ही लक्षच देत नाही’ याला एकच उत्तर येतं, ‘देतो की’. बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी काय दिसलं, किती वाजता दिसलं ते सांगा आणि एक प्रश्न विचारा. ‘मी पाचला आले तेव्हा डायपर भरून चादर ओली झाली होती. दुपारी किती वाजता बदलला होता?’ आता सिस्टरला रजिस्टर उघडावंच लागतं. कधी नोंदच नसते, कधी नोंद असते पण तुम्ही आणलेला डायपरच मापाचा नसतो. हे बोलणं सिस्टरला बाजूला घेऊन करा, मावशीदेखत नको. आईच्या पलंगाशी तर मुळीच नको. तिला ऐकू कमी येत असलं तरी चेहरे वाचता येतात, आणि तुम्ही गेल्यावर तीच मावशीची माफी मागत बसते.

एका मुलीची तक्रार होती की बाबांना सकाळी कुणी उठवतच नाही. बाबांना पार्किन्सन. मी विचारलं, घरी गोळी कधी द्यायचात? सातला, उपाशीपोटी. आमच्याकडे ती साडेआठला सगळ्यांच्या गोळ्यांबरोबर, दुधासोबत जात होती. पार्किन्सनवरची ही लेव्होडोपाची गोळी दुधासारख्या प्रथिनांच्या पदार्थाबरोबर दिली की तिचा असर कमी होऊ शकतो, त्यात दीड तासाचा उशीर. अंग ताठरलेल्या माणसाला मावशी उठवणार कशी? डॉक्टरांना विचारून सातची गोळी रात्रपाळीच्या सिस्टरकडे सोपवली. पुढच्या आठवड्यात आजोबा नऊ वाजता काठी टेकत व्हरांड्यात येऊ लागले.

एका भेटीत एकच मागणी करा. पाच गोष्टी सांगितल्यात तर एकही होणार नाही. काम झालं की त्याच सिस्टरला नाव घेऊन सांगा. नाही झालं तर तारीख-वेळ घालून व्यवस्थापकांना लेखी द्या.

ही सबुरी सगळ्याच बाबतीत चालणार नाही. पडणं, अंगावर काळेनिळे डाग, पाठीला नवी जखम, चुकलेलं औषध, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी फोटोसकट लेखी तक्रार करा, आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय तिथून हलू नका. मारहाणीचा किंवा उपासमारीचा संशय असेल आणि व्यवस्थापन दाद देत नसेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आहे. तिथे मागेपुढे बघू नका.

5. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं मागून घ्या. वजन, पाठीची त्वचा, बदललेल्या गोळ्या. पन्नास किलोची आई महिन्याभरात साडेसत्तेचाळीसवर आली असेल तर डॉक्टरांना दाखवा, ‘वयामुळे होतं’ ऐकून परत फिरू नका.

6. दवाखान्यात हलवायचं झालं तर कुठे, आणि व्हेंटिलेटरबद्दल घरच्यांचं काय म्हणणं आहे, हे आईशी आणि डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवा. लिहून, सही करून फाइलला लावा आणि रात्रपाळीच्या सिस्टरला स्वतः दाखवा. रात्री दोन वाजता फोन तिलाच करायचा असतो.