गुलमर्गच्या बर्फात तान्ह्यासोबत: निघण्याआधीची तयारी

घरात वर्ष-दीड वर्षाचं मूल आहे आणि गुलमर्गला स्कीइंग करायचंय, तर तिकिटं काढण्याआधी एक गोष्ट पक्की करा: स्की पायात चढवून एका वेळी एकच पालक जाणार, दुसरा बाळाजवळ राहणार. आल्प्समधल्या बऱ्याच स्की गावांत तान्ह्यांसाठी पाळणाघरं असतात. गुलमर्गमध्ये तशी सोय धरून चालू नका. सकाळी आई शिकेल, दुपारी बाबा शिकतील, त्यामुळे प्रशिक्षकही अर्ध्या दिवसाच्या हिशेबानेच ठरवा. आजी बरोबर येत असतील तर फार उत्तम, पण उंची आणि निसरड्या वाटा त्यांनाही सोसवायला हव्यात, हे आधी त्यांच्याशी बोलून घ्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: यंदाचा हिवाळा सोडा. बर्फ पुढच्या वर्षीही पडेल.

तारखा निवडताना काश्मीरचा ‘चिल्ला-ए-कलां’ लक्षात घ्या. २१ डिसेंबरपासूनचे हे ४० दिवस सगळ्यात कडाक्याचे. लहान मूल बरोबर असताना मला फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा बरा वाटतो. दिवस मोठा झालेला असतो, उन्हात थोडी ऊब असते. मात्र बर्फाची खात्री कुठल्याच महिन्यात देता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गमधल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या होत्या. शिवाय धुकं किंवा हिमवृष्टी झाली की श्रीनगरची विमानं रद्द होतात, म्हणून परतीच्या बाजूला एक मोकळा दिवस ठेवाच.

उंचीचा विचार घरी बसूनच करायचा. श्रीनगर साधारण १,६०० मीटरवर आहे, गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. पुण्या-मुंबईहून उतरल्या दिवशीच वर जाऊ नका, पहिली रात्र श्रीनगरला काढा. मोठ्या माणसाला डोकं दुखतं ते सांगता येतं, बाळाला नाही. ते किरकिर करतं, दूध-खाणं नाकारतं, ओकतं, झोपत नाही. एरवी आपण याला दात येताहेत म्हणून सोडून देतो. तिथे तसं करू नका, बाळाला घेऊन खाली उतरा. गंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, तीन हजार मीटरच्या थोडा वर जातो. बाळ आनंदात असेल आणि वारा नसेल, तर एक छोटी फेरी ठीक. दुसरा टप्पा अफरवट शिखराकडे चार हजार मीटरच्या जवळपास पोहोचतो. तिथे बाळाला नेऊच नका, कितीही लोक नेताना दिसले तरी. गंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढावी लागतात, हेही आत्ताच यादीत टाका.

निघण्यापूर्वी तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा. बाळाला सर्दी किंवा कानाचा त्रास असेल तर प्रवास पुढे ढकलायचा का, हे त्यांनाच विचारा. तापाच्या औषधाचं प्रमाण वजनानुसार लिहून घ्या आणि तो कागद औषधाच्या बाटलीलाच रबरबँडने बांधा. मोठं दुखणं निघालं तर श्रीनगरला बेमिना भागात मुलांचं सरकारी रुग्णालय आहे, पण गुलमर्गहून ते ५० किलोमीटरच्या आसपास पडतं आणि बर्फात हा रस्ता फार वेळ खातो. जम्मू-काश्मीरबाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. दोघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड हवं, नाहीतर अडचणीच्या वेळी डॉक्टरांना फोनही करता येणार नाही.

कपडे इथूनच घेऊन जा. गुलमर्गच्या वाटेवरच्या तंगमर्गला भाड्याने कोट आणि गमबूट मिळतात, पण तान्ह्याच्या मापाचं आणि कोरडं काही मिळेल या भरवशावर राहू नका. अंगालगत सुती नको, कारण सूत घाम-ओल धरून ठेवतं आणि मग अंग गार पडतं. आत लोकरीचं किंवा थर्मल, त्यावर उबदार थर, सगळ्यात बाहेर पाणी न शिरणारा एकसंध स्नोसूट. आपल्या अंगात जितके थर, त्याहून एक जास्त. आजीने शिवलेली कुंची खोलीत आणि गाडीत छान, बाहेर मात्र कान आणि मान पूर्ण झाकणारी टोपी लागते. हातमोजे बोटं एकत्र राहतील असे घ्या आणि दोरीने बाहीला अडकवा. ऊब तपासायची ती मानेमागे किंवा छातीवर हात लावून; तळहात गार लागणारच. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परावर्तित करतो, म्हणून पट्ट्याचा गॉगल आणि डॉक्टरांना विचारून घेतलेलं सनस्क्रीन हवं.

खाण्याची तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गुलमर्गच्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ मऊ व्हायला वेळ लागतो आणि नुसत्या किटलीत तर ते शिजतच नाहीत. तांदूळ आणि मूगडाळ भाजून, दळून केलेलं खिमट आणि नाचणीचं सत्त्व भरपूर न्या. हॉटेलच्या स्वयंपाकघरात दहा मिनिटं मागितली की पातळ पेज होते. तुपाची छोटी बरणी, मेतकूट, बाळाची नेहमीची वाटी-चमचा आणि चांगला थर्मास ठेवा. दुधाची बाटली जॅकेटच्या आत, अंगाजवळ राहू दे. अंगावर पाजणाऱ्या आईने पुढून उघडणारे कपडे घ्यावेत आणि स्वतः गरम पाणी पीत राहावं. डायपर घरूनच मोजून न्या, वापरलेले पिशवीत बांधून खाली आणा. बर्फात पुरलेला डायपर उन्हाळ्यात कुरणावर उघडा पडतो.

हॉटेलला फोन करून तीन प्रश्न विचारा: खोली गरम कशाने करता, वीज गेली तर काय, आणि गाडी दारापर्यंत येते का. बुखारी (खोली तापवणारी लाकडा-कोळशाची शेगडी) असेल तर धूर बाहेर नेणारा पाइप नीट हवा आणि खिडकीला फट हवी. बंद खोलीत कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो, म्हणून झोपताना खोलीत कांगडी (निखाऱ्यांची काश्मिरी हातशेगडी) नको. रांगत्या मुलाजवळ ती दिवसाही नको. इलेक्ट्रिक ब्लँकेटवर बाळाला झोपवू नका.

तंगमर्ग ते गुलमर्ग हे १३ किलोमीटर बर्फ असताना चाकांना चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणाऱ्या) गाडीनेच करावे लागतात, म्हणजे तिथे सामान उतरवून गाडी बदलणं आलं. त्या घाईत बाळाची पिशवी टपावर जाऊ देऊ नका.

बर्फावर बाळाचा वेळ वीस-पंचवीस मिनिटांचा, दुपारची झोप मोडायची नाही. त्याला पाठीवर बांधून स्की करू नका: तोल गेला तर मार त्यालाच बसतो, आणि हालचाल नसल्याने पायही गारठतात. स्लेजवर बसायचं तर सपाटीवर, मोठ्याच्या मांडीत. स्वतःच्या पायात स्की घालायला तिसरं वर्ष तरी उलटू द्या.

परतीच्या दिवशी श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोहोचा. तपासणी एकापेक्षा जास्त वेळा होते, गाडीतलं सामानही उतरवावं लागतं. बाळाचा जन्मदाखला हातात ठेवा, आणि विमान वर चढताना-उतरताना त्याला पाजता येईल अशा बेताने शेवटचं खाणं द्या.