चिबड, आम्ल जमीन बघायला निघताय? सामू-मापक पिशवीत टाकला का?

फावडं, कुदळ, घमेलं, मोजपट्टी, वही, गमबूट, प्यायचं पाणी. हे सांगायला नको, म्हणून एकदाच लिहून मोकळी होते. पेन नको, पेन्सिल घ्या. ओल्या कागदावर शाई फुटते.

आता सामू-मापक. पीएच मीटर म्हणा हवं तर. सामू म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा: ७ मधोमध, जितका खाली तितकं आम्ल जास्त. तो घेतला का? कपाटातून काढून टेबलावर ठेवला म्हणजे घेतला नव्हे. पिशवीत टाकला का?

मागच्या खेपेला मी तो मुद्दाम घरी ठेवला होता. समुद्राच्या पातळीला जेमतेम वर असलेली सपाट, चिबड जमीन. कोपरभर खणलं की पाणी. ‘प्रयोगशाळा सामू काढणारच आहे, मग चिखलात काचेचा इलेक्ट्रोड कशाला फोडून घ्यायचा,’ असा माझा शहाणपणा. चार थरांचे नमुने आणले, कुठल्याही कोरडवाहू शेताच्या मातीसारखे कागदावर पसरून सावलीत वाळवले आणि तीन आठवड्यांनी नेऊन दिले. सगळ्यांत खालच्या करड्या थराचा सामू आला ३.४. आता हा ३.४ त्या जमिनीतला की माझ्या कागदावरचा? सांगता येत नाही. खणलं त्या दिवशीचा आकडा वहीत नाही, आणि तो दिवस काही परत येत नाही. अख्खी फेरी वाया.

कोरड्या जमिनीत ही चूक खपून जाते. तिथली माती आज मोजा नाहीतर महिन्याने, सामू फारसा हलत नाही. पाणी साचलेल्या मातीचं तसं नाही. तिच्यात हवा नसते, त्यामुळे तिथले जिवाणू श्वासासाठी लोहाचे ऑक्साइड वापरतात, आणि त्या क्रियेत आम्ल खर्ची पडतं. म्हणून एरवी चांगली आम्ल असलेली मातीही काही आठवडे पाण्याखाली राहिली की सामू ६.५ ते ७ पर्यंत चढू शकतो. (चढेलच असं नाही. लोह किंवा कुजणारा पालापाचोळा कमी असेल तर तो खालीच रेंगाळतो.) ती वाळली की सामू पुन्हा उतरतो. म्हणजे एकाच ढेकळाचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे.

हे झालं सौम्य प्रकरण. किनाऱ्यालगत दुसरंही एक असतं: खाऱ्या पाण्यातला सल्फेट, गाळातलं लोह आणि खारफुटीचा कुजका पाला यांच्यातून तयार झालेलं पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड. पाण्याखाली आहे तोवर ते गुपचूप पडून असतं. हवा लागली की त्याचं गंधकाम्ल होतं. हिशेब करून बघा: १ किलो पायराइट पूर्ण जळलं तर सुमारे १.६ किलो गंधकाम्ल. ते मारायला शुद्ध चुनखडी लागते जवळपास १.७ किलो. एका हेक्टरचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरा, मातीची घनता पाण्याइतकी धरा, त्यात पायराइट नुसतं १ टक्का. चुनखडी निघते २५ टन. आता त्याच थराचा सामू खड्ड्याच्या काठावर ६ आला आणि पिशवीत ३.४ झाला, तर कुणाला काय सल्ला द्याल?

म्हणून आदल्या रात्रीची कामं. मापक ४ आणि ७ सामूच्या प्रमाण द्रावणात, म्हणजे सामू आधीच माहीत असलेल्या द्रावणात, बुडवून जुळवून घ्या. फक्त ७ वर जुळवून भागत नाही, तुमची माती ४ च्या बाजूला आहे. दोन्ही द्रावणं छोट्या बाटल्यांत सोबत घ्या, कारण रस्त्यात मापक भरकटतो. जादा बॅटरी. डिस्टिल्ड वॉटर लिटरभर. साधं पाणी चालणार नाही, त्याचा स्वतःचाच सामू मध्ये येतो. प्लास्टिकचे पेले दहा-बारा. मापक बिघडलाच तर सामू-कागदाच्या पट्ट्या घ्या. त्या ढोबळ आकडा देतात, पण काहीच नसण्यापेक्षा ढोबळ आकडा लाख मोलाचा, हे आता माझ्याइतकं कोण सांगणार.

गिरमिटाबद्दल, म्हणजे भोक पाडून माती वर काढायच्या अवजाराबद्दल, थोडं. चिकण मातीला उघड्या पात्यांचं गिरमिट, लोण्यासारख्या मऊ गाळाला अर्धी नळी कापल्यासारखं पन्हाळीचं. वाळू असेल तर पाण्याच्या पातळीखाली भोक ढासळतंच, कितीही जपा. त्यासाठी हातभर रुंद नाही, पण गिरमिट आत जाईल इतका जाड प्लास्टिक पाइप घ्या आणि तो खाली दाबत दाबत आतून माती काढा. कंबरेपेक्षा खोल खड्ड्यात उतरायचं असेल आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल तर उतरू नका. हायड्रोजन सल्फाइड आहे तो. वास यायचा थांबला म्हणजे वायू गेला असं नव्हे, नाक बधिर झालेलं असतं. वरूनच गिरमिटाने काढा.

मोसम कोणता, असं विचारतात. पाऊस संपून महिना-दोन महिने झाल्यावर खणायला सोपं जातं. तेव्हा पाणी खाली गेलेलं असलं तरी ते कुठवर चढतं हे माती सांगते, पुढे येतंच.

जागेवर पोचलात की खणायला धावू नका, आधी चर बघा. चरातलं पाणी नारिंगी गंजासारखं असेल तर लोह बाहेर पडतंय. त्यावर तेलाच्या तवंगासारखा रंगीत पापुद्रा दिसला तर काडीने ढोसा: काचेसारखे तुकडे झाले तर तो लोहाच्या जिवाणूंचा; फिरून एकत्र आला तर खरंच तेल. आणि पाणी कमालीचं नितळ, निळसर असेल तर खूश होऊ नका. आम्लामुळे विरघळलेलं ॲल्युमिनियम गाळाचे कण तळाशी बसवतं, म्हणून ते तसं दिसतं. त्या पाण्याचाही सामू घ्या. मापक हातात आहे ना? आहेच, मी तीनदा सांगितलंय.

आता खड्डा. पहिली कुदळ मारायच्या आधी मापक काठावर, सावलीत, पेला भरून तयार. कारण थर उघडा पडला की घड्याळ सुरू होतं. रंगही बदलतात: निळसर-हिरवट करडा थर अर्ध्या तासात तपकिरी व्हायला लागतो. तेव्हा प्रत्येक थराला क्रम एकच. ताजं ढेकूळ फोडा, आतला भाग घ्या, रंग बघा, लगेच सामू. मातीइतकंच डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ लगदा करा, आकडा स्थिर होऊ द्या, लिहा. थराची खोली, वेळ, आकडा. मग पुढचा थर. सगळे थर आधी खणून नंतर एकदम मोजू, असं मनात येईल. तसं करू नका. इलेक्ट्रोड ढेकळात खुपसू नका, वाळूचा एक खडा आणि काच गेली.

रंगासाठी मुन्सेलची रंगपुस्तिका लागते, तिच्यातल्या रंगांशी माती जुळवून बघायची. माती ओली हवी, ऊन अंगावर हवं, गॉगल काढलेला हवा. निचरा वाईट असल्याची मुख्य खूण म्हणजे रंग फिका पडलेला असतो, पुस्तिकेच्या भाषेत क्रोमा २ किंवा त्याहून कमी. लोह विरघळून निघून गेलं की वाळूचा, चिकणमातीचा मूळ करडेपणा उरतो. त्या करड्यात गंजाचे ठिपके आणि मुळांच्या वाटेने नारिंगी रेघा दिसतात. मुळं खाली हवा नेतात, तिथे लोह पुन्हा साकळतं. हे ठिपके पहिल्यांदा किती खोलीवर दिसले ते लिहा. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं याचा हाच पुरावा, तुम्ही उन्हाळ्यात गेलात तरी. फक्त एक घोळ टाळा: गंजाचा नारिंगी वेगळा आणि वाळल्या काडीचा फिकट पिवळा वेगळा. काडीसारखा पिवळा म्हणजे जारोसाइट नावाचं खनिज. तो दिसला म्हणजे तिथे गंधकाम्ल होऊन गेलेलं आहे, सामू ४ च्या खाली सापडण्याची तयारी ठेवा.

मूठही वापरा. खालचा करडा गाळ मुठीत दाबला आणि बोटांच्या फटींतून टूथपेस्टसारखा बाहेर आला, तर तो कधी वाळलेलाच नाही. पायराइट असण्याची शक्यता तिथेच सगळ्यांत जास्त. अशा थराला पेरॉक्साइडची परीक्षा द्यायची. ३० टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, वाऱ्याकडे पाठ. बाटलीतल्या पेरॉक्साइडमध्ये टिकाऊपणासाठी आम्ल घातलेलं असतं, म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकून त्याचा सामू आधीच ४.५ ते ५.५ वर आणून ठेवा. नाहीतर बाटलीचं आम्ल मातीच्या नावावर चढेल. चमचाभर मातीवर ओता. जोरात फसफसलं, तापलं, आणि निवल्यावर सामू ३ च्या खाली गेला तर दाट संशय. नुसतं फसफसलं म्हणून निष्कर्ष काढू नका. पालापाचोळा आणि मँगनीजही फसफसतात. बघायचं ते आधीच्या आणि नंतरच्या सामूतलं अंतर. आणि आधीचा सामू कुठून येणार? बरोबर, काठावरून.

हा सगळा खटाटोप एवढ्याचसाठी की किनारी मैदानात आम्ल माती दोन जातींची निघते आणि वरून दोघी सारख्याच दिसतात, दोन्ही करड्या, दोन्ही चिबड. एक जुनी, पावसाने धुऊन निघालेली. हजारो वर्षं पाणी मुरत राहिलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम वाहून गेलं, त्यांच्या जागी हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम बसलं. उरली ती केओलिनाइटसारखी कमी पोषण धरणारी चिकणमाती. अमेरिकेच्या अटलांटिक किनारपट्टीच्या मैदानात अशी माती मैलोन्‌मैल आहे. तिचा सामू ४.५ ते ५ च्या आसपास असतो आणि पिशवीत नेला तरी फार हलत नाही. ५.५ च्या खाली ॲल्युमिनियम सुटं होऊन मुळांची टोकं जाळतं, स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं. पण तिच्यावर इलाज आहे, निचरा करा, चुना घाला. दुसरी जात पायराइटवाली. केरळात समुद्रसपाटीखालच्या कुट्टनाडमधली काळी करी माती, व्हिएतनाममधला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश, बँकॉकभोवतीचं मैदान. हॉलंडमध्ये समुद्र हटवून जमिनी काढल्या तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी असल्या मातीला ‘मांजराची चिकणमाती’ म्हणायला सुरुवात केली. हिच्यात खोल चर काढून निचरा केलात तर हवा आत शिरते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने आम्लाचा कारखाना सुरू करता. एकीचं औषध ते दुसरीचं विष. ओळख पटायची तर दोन आकडे लागतात, आणि त्यातला पहिला फक्त त्या दिवशी, त्या काठावर मिळतो.

नमुने. मी केलं ते करू नका, कागदावर पसरू नका. जाड प्लास्टिकची पिशवी, माती दाबून भरा, हवा पिळून काढा, तोंड घट्ट बांधा, वर दुसरी पिशवी. बर्फाच्या पेटीत. घरी नेऊन लगेच गोठवा, किंवा ८० ते ८५ अंशांवर भट्टीत झटकन वाळवा. सावलीत सावकाश वाळवणं हेच सगळ्यांत वाईट, कारण ओल आणि हवा दोन्ही जिवाणूंना आयतीच मिळते. चिठ्ठी पिशवीच्या आत नको, दोन पिशव्यांच्या मध्ये. आतला कागद कुजतो.

पाण्याची पातळी खणल्या खणल्या मोजू नका. चिकणमातीत पाणी झिरपायला वेळ लागतो. भोक झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोजा. दुसऱ्या दिवशी जमणार नसेल तर निदान निघताना मोजा आणि वेळ लिहा. क्षारताही बघून टाका, समुद्र जवळ आहे.

खड्डा बुजवा. खालची करडी माती खाली, वरची वर. उलटं केलंत तर पायराइट उन्हात वाळत पडेल.

प्रयोगशाळेत नुसता ‘सामू’ लिहून देऊ नका. विनिमयक्षम ॲल्युमिनियम, बफर पद्धतीने चुन्याची गरज, आणि संशय असेल तर गंधक, असं स्पष्ट लिहा. सामूवरून एकट्याने चुना ठरत नाही, ४.८ ची वाळू आणि ४.८ ची काळी सेंद्रिय माती यांची भूक फार वेगळी. कॅल्शियम क्लोराइडमध्ये मोजलेला सामू पाण्यातल्यापेक्षा खाली येतो, कशात मोजला ते विचारून घ्या.

घरी प्रत्येक संशयित थराची एक चकती बशीत ठेवा, १ सेंटिमीटर जाड, हवा लागेल अशी, ओली पण पाण्यात बुडालेली नाही. दर आठवड्याला सामू. १६ आठवड्यांपर्यंत वाट बघायची तयारी ठेवा. सामू निदान ०.५ ने उतरून ४ किंवा त्याखाली गेला तर दुसरी जात, पायराइटवाली. पाणी शिंपायला विसरू नका. बशीवर तारीख लिहा. आणि काठावरचा आकडा.