टिनाच्या शेडमध्ये लाकडाची भट्टी लावताय? या चुका टाळा

नागपूरची खरी थंडी दीड-दोन महिन्यांचीच. पण २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि अशा रात्री परसातल्या टिनाच्या शेडमध्ये बसवत नाही. सुतारकामाची शेड असो की कोंबड्यांच्या पिलांची, बंद दाराची छोटी लोखंडी भट्टी आणि तिला नीट धुराडं एवढ्यात काम भागतं. भट्टी चालत नाही अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुधा भट्टीत सापडत नाही, धुराड्यात किंवा लाकडात सापडतो.

गरजेपेक्षा मोठी भट्टी

१० बाय १२ फुटांची, ८ फूट उंच, उघड्या टिनाची शेड धरा. बाहेर १० अंश आणि आत २० हवेत, तर साधारण ३ किलोवॉट उष्णता लागते. एक किलो सुक्या लाकडात सुमारे ४ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता असते. बरी भट्टी त्यातली ६० टक्के खोलीला देते. म्हणजे तासाला सव्वा किलो लाकूड पुरे. त्यासाठी १२ बाय १२ बाय १८ इंचांची पेटी बास झाली.

वेल्डिंगवाल्याला ‘थोडी मोठीच बनव’ सांगितलं की पुढचं ठरलेलं. अर्ध्या तासात घाम फुटतो, मग हवेची झडप बंद होते, लाकूड जळायचं सोडून धुमसत राहतं आणि धुराड्यात डांबरासारखा काळा थर बसतो. हा थर एखाद्या दिवशी आतल्या आत पेटतो आणि पाइप घोंघावायला लागतो. तसं झालं तर दार आणि झडप दोन्ही बंद करा, बाहेर पडा, अग्निशमन दलाला फोन करा. तापलेल्या भट्टीवर पाणी ओतू नका. छोटी भट्टी आणि तेज आग, हेच धोरण ठेवा.

पत्रा ४ ते ५ मिमीचा घ्या, तळाला फायरब्रिक (आच सोसणारी खास वीट) लावा. साध्या विटा तडकतात. जुना गॅस सिलिंडर कापून भट्टी बनवण्याच्या फंदात पडू नका. सिलिंडर गॅस कंपनीच्या मालकीचा असतो आणि त्यात उरलेला गॅस कापताना भडकतो.

धुराड्यातल्या चुका

दुकानात पटकन मिळतो तो जीआय पाइप. त्याचा जस्ताचा मुलामा फार तापला की विषारी धूर सोडतो. किमान १ मिमीचा साधा एमएस (मुलामा नसलेला पोलादी) पत्रा किंवा एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) वापरा. या आकाराच्या भट्टीला ५ इंची पाइप चालतो. भट्टीचं तोंड ५ इंची आणि वर पाइप ३ इंची, असा जुगाड करू नका.

भट्टीच्या माथ्यापासून धुराड्याच्या टोपीपर्यंत १२ फूट उंची धरा. छपरातून निघालेला पाइप निदान ३ फूट वर हवा आणि १० फुटांच्या आत भिंत किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्यापेक्षा २ फूट उंच हवा. नाहीतर वारा फिरला की धूर उलटा आत. बाहेरचा भाग तारांनी ताणून बांधा. पाइप भिंतीतून आडवा काढायचा मोह होतो, कारण छपराला भोक पाडावं लागत नाही. पण प्रत्येक कोपरा धूर वर खेचणारी ओढ कमी करतो. सरळ वर नेलेला पाइप सगळ्यात चांगला.

जोडताना वरच्या तुकड्याचं निमुळतं टोक खालच्या तुकड्याच्या आत जाऊ द्या, म्हणजे चिकट डांबर आतच ओघळतं. उलट जोडलं तर ते पाइपच्या बाहेरून गळतं. लाकडी बल्ली, प्लाय यांच्यापासून पाइप १८ इंच आणि भट्टी ३६ इंच दूर ठेवा. जागा नसेल तर प्लायसमोर १ इंच पोकळी सोडून टिनाचा आडपडदा लावा, खालून-वरून हवा फिरू द्या. मग भट्टीचं अंतर १२ इंचांवर आणता येतं. थर्मोकोल पाइपच्या आसपास अजिबात नको. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याला भोक पाडू नका. त्यात बहुधा ॲसबेस्टॉस असतं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक.

ओलं किंवा भलतंच लाकूड

पावसाळ्यात तोडलेली बाभूळ दिवाळीला कोरडी दिसते, आत ओलीच असते. ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. नागपूरकरांकडे यासाठी फुकटची सोय आहे: एप्रिल-मेचं ऊन. मार्चमध्ये लाकूड मनगटाएवढं फोडून रचा, जूनच्या आधी झाकणाखाली घ्या. शंका असेल तर एक तुकडा वजनकाट्यावर ठेवा, चार दिवस उन्हात ठेवून पुन्हा मोजा. वजन घटत असेल तर तो अजून ओला आहे.

पेटवायला तुराट्या किंवा पऱ्हाटी उत्तम, पण जास्त वेळ त्यांच्यावर भागत नाही. लकडगंजातल्या आरामशीनवरचे सागाचे तुकडे चालतात. प्लाय, एमडीएफ, रंगवलेल्या चौकटी आणि रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर नकोत; त्यांच्यातल्या गोंदाचा, रंगाचा, क्रिओसोटचा (स्लीपरना लावलेल्या डांबरी तेलाचा) धूर घातक.

धूर आत येतोय?

पेटवतानाच येत असेल तर पाइप गार आहे. आधी कागदाचा एक बोळा पाइपच्या तोंडाशी जाळा. सगळी दारं लावल्यावर येत असेल तर शेडला हवा कमी पडते. भट्टीजवळ खाली ४ इंची जाळीदार भोक ठेवा. एक्झॉस्ट पंखा चालू असेल तर धूर येणारच, तो बंद करा. कधीच नीट ओढत नसेल तर टोपी काढून बघा: जाळी काजळीने भरलेली असते, किंवा पावसाळ्यात आत घरटं झालेलं असतं.

पहाटे छपरातून थेंब पडतात ती गळती नसते. श्वासाची वाफ गार टिनावर जमते. छपराखाली ५० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) लावा. लाकूड वाचेल, आणि मे महिन्यात तर त्याचा फायदा दुप्पट कळेल.

भट्टी चालू ठेवून झोपणं

हे करायचंच नाही. निखारे धगधगत असताना झडप पूर्ण बंद केली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं जाणवलं की ताबडतोब उघड्यावर या. या वायूचा अलार्म डोक्याच्या उंचीवर बसवा. धुराडं नसलेली कोळशाची सिगडी बंद शेडमध्ये कधीही नको, पिलांसाठीसुद्धा नको. पिलांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात. भट्टीने पूर्ण शेड इतकी तापवण्यात अर्थ नाही. शेड २० वर ठेवा, बाकीची ऊब ब्रूडरच्या बल्बने द्या.

राख

वरून गार दिसणाऱ्या राखेत निखारे एक-दोन दिवस जिवंत राहतात. प्लास्टिकच्या घमेल्यात नको, झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून बाहेर फरशीवर ठेवा. झाडांना घालताना हात राखून: आपली काळी माती आधीच अल्कधर्मी असते, राख ते वाढवते.

जूनच्या आधी पाइप उतरवा, ब्रशने काजळी काढा आणि छपराचं भोक टिनाच्या झाकणाने बंद करा.