निवांत ऑनलाइन गेममध्ये खेळाडूला आपले रूप कसे घडवू द्यावे

शेती, शेजार आणि सणवार यांवर चालणाऱ्या, हारजीत नसलेल्या निवांत ऑनलाइन गेममध्ये पात्राचे रूप सजवणे हाच मुख्य खेळ असतो. म्हणून विदर्भातल्या गावावर बेतलेला असा गेम करणाऱ्याने पर्यायांची यादी करण्याआधी, खेळाडूने केलेली निवड समोरच्याला किती अंतरावरून दिसणार आहे हे ठरवून घ्यावे. मोबाइलच्या पडद्यावर पात्र जेमतेम ६४ पिक्सेल उंच असेल, तर नाकाची रुंदी कमी-जास्त करणारी पट्टी गेममधल्या आरशापुढे कौतुकाची वाटते. पारावर दहा जण जमले की तिचा काही उपयोग उरत नाही. प्रत्येक पात्र काळ्या रंगाने पूर्ण भरून पाहावे आणि नुसत्या बाह्याकृतीवरून दोन पात्रे वेगळी ओळखू येतात का, हे तपासावे. टोपी, बांधलेला रुमाल, डोक्यावरून घेतलेला पदर, उन्हाळ्यात तोंडाभोवती गुंडाळलेला दुपट्टा, अंबाडा, दोन वेण्या यांनी बाह्याकृती बदलते, म्हणून पहिली मेहनत येथे खर्च करावी.

यानंतरचा प्रश्न कपड्यांच्या थरांचा आहे आणि माझ्या मते संपूर्ण रचनेत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कापूस वेचायला निघालेल्या बाया साडीवर घरातल्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात आणि कमरेच्या ओटीत वेचलेला कापूस टाकत जातात. गेमच्या रचनेत ‘कपडे’ असा एकच रकाना असेल आणि त्यात साडी किंवा शर्ट यांपैकी एकच निवडता येत असेल, तर वऱ्हाडातल्या शिवारात रोज दिसणारी ही बाई त्या गेममध्ये उभीच राहू शकत नाही. त्यासाठी शरीर, आतले वस्त्र, वरचे वस्त्र, कंबर, खांदा, डोके आणि पाय असे स्वतंत्र थर ठेवावेत, त्यांचा रेखाटनाचा क्रम ठरवून टाकावा, आणि प्रत्येक वस्त्राच्या नोंदीत ते खालचा कोणता भाग झाकते हेही लिहावे, म्हणजे शर्टाच्या बाहीतून पदराचा तुकडा बाहेर डोकावणार नाही. आतली १२ आणि वरची १० वस्त्रे असली की १२० जोड्या होतात, आणि त्या सगळ्या चालताना, बसताना व वाकताना डोळ्यांनी पाहाव्या लागतात. तेवढा वेळ नसेल तर वस्त्रे कमी ठेवावीत. मात्र जी ठेवली ती सगळी एकमेकांवर चढली पाहिजेत.

कोणते वस्त्र कोणी घालावे हे गेमने ठरवू नये. २०२० साली आलेल्या ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’मध्ये कोणतेही कपडे कोणत्याही पात्राला घालता येतात आणि चेहरा व केस आरशासमोर पुन्हा बदलता येतात. लुगडे, धोतर, बंडी, कुडता या सगळ्यांना हीच मोकळीक द्यावी. पहिल्या दिवशी घाईने निवडलेला चेहरा बदलण्यासाठी पैसे मागणे मला अन्यायाचे वाटते.

रंगांसाठी मोकळे रंगचक्र देण्याऐवजी निवडक रंगपट्ट्या द्याव्यात. प्रत्येक वस्त्र करड्या रंगाच्या चार छटांत काढावे आणि शेडरने, म्हणजे पडद्यावरचे रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, त्या चार छटांच्या जागी निवडलेल्या पट्टीतले चार रंग बसवावेत. असे केल्यास एकाच चित्रातून अनेक रंगांची वस्त्रे मिळतात आणि गेमचा आकारही वाढत नाही. त्वचेच्या छटांसाठी समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची, गूगलने २०२२ साली सर्वांसाठी खुली केलेली १० छटांची श्रेणी चांगला आधार ठरते. त्या छटांना नावे देऊ नयेत, नुसते रंग दाखवावेत, आणि नवे पात्र उजळ छटेनेच सुरू न करता कोणत्याही छटेने सुरू करावे. याच छटा गेममधल्या वैशाखाच्या भर दुपारी आणि रात्रीच्या कंदिलाच्या उजेडात पुन्हा पाहाव्यात, कारण गडद छटांतले डोळे-भुवया रात्रीच्या निळसर प्रकाशात प्रथम हरवतात.

खेळाडूला स्वतःची नक्षी काढू द्यायची असेल, तर ३२ बाय ३२ चौकटींची जाळी पुरेशी आहे. नागपूर-भंडारा भागातल्या टसर साडीचा करवती काठ त्यात सुरेख उतरतो, पण एक मेख आहे. करवतीचा एक दात ४ चौकटी रुंद ठेवला तर ३२ मध्ये बरोबर ८ दात बसतात आणि नक्षी शेजारी-शेजारी जोडली तरी काठ अखंड राहतो. दात ५ चौकटींचा केला तर शेवटी २ चौकटी उरतात आणि प्रत्येक जोडावर दात मोडतो. नवख्या खेळाडूला हे काढताना दिसत नाही, म्हणून जाळीशेजारीच तीच नक्षी तीन बाय तीन वेळा जोडून दाखवणारी छोटी चौकट ठेवावी. इतरांना दिसणाऱ्या नक्षीवर तक्रार करण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी.

बैलांसाठी वेगळी यंत्रणा लिहिण्याची गरज नाही. झूल, कपाळावर बांधायची मठाटी, शिंगांचा बेगड आणि घुंगरमाळ हेही थरच आहेत. पोळा श्रावण अमावास्येला येत असल्याने त्याची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. ती कोडमध्ये पक्की न लिहिता सर्व्हरवरच्या तक्त्यात ठेवावी. त्या दिवशी गावात वीज नसल्याने कोणी येऊ शकले नाही, तर त्याची पोळ्याची झूल कायमची हुकू नये. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला, आणि नंतर पुढच्या वर्षीही, ती मिळाली पाहिजे.

नाव हाही रूपाचाच भाग आहे. ‘क्षि’ हे एक अक्षर दिसत असले तरी संगणक ते क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार संकेतांत, म्हणजे यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १२ बाइटमध्ये साठवतो. त्यामुळे नावाची मर्यादा बाइटवर न ठेवता दिसणाऱ्या अक्षरांवर ठेवावी. ‘वऱ्हाडी’ हा शब्द तर तीन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ या एकाच संकेताने, र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) जोडून, किंवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, पण सर्व्हरला ती तीन वेगळी नावे वाटतात आणि कोणीही दुसऱ्याचे नाव लावून फिरू शकतो. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी सामान्यीकरणाने, म्हणजे समान मानलेल्या लेखनांना एकच रूप देणाऱ्या नियमाने, एक होतात. तिसऱ्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. जोडाक्षरे तुटत नाहीत ना, हे गेम ज्यावर बांधायचा त्या इंजिनमध्ये आधीच पाहून घ्यावे.

इतरांच्या फोनवर पात्राचे चित्र कधीही पाठवू नये, फक्त निवडलेल्या वस्तूंचे क्रमांक पाठवावेत. १२ निवडींना प्रत्येकी एक बाइट धरला तर पात्र १२ बाइटचे होते आणि बाजारात ४० जण असले तरी ४८० बाइट पुरतात. तालुक्यापासून दूरच्या गावातल्या अडखळत्या नेटवर्कवर याचाच आधार असतो. आलेला क्रमांक त्या खेळाडूकडे असलेल्या वस्तूचाच आहे, हे सर्व्हरने तपासावे. काढून टाकलेल्या वस्तूचा क्रमांक नव्या वस्तूला देऊ नये, नाहीतर जुन्या खेळाडूंच्या अंगावर एका रात्रीत भलतेच कपडे येतात.

वस्तू विकायच्या असल्यास दाखवून, ठरलेल्या किमतीला विकाव्यात. पैसे घेऊन आत काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या पेट्या या खेळात नकोत. खेळणाऱ्यांत मुले असणारच, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे व त्याची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. म्हणून पात्र घडवताना खरे नाव, शाळा किंवा फोटो मागूच नये.

चाचणी मात्र स्वस्त, जुन्या फोनवर आणि उन्हात उभे राहून करावी. एकमेकांना ओळखणाऱ्या पाच-सहा जणांना वेगवेगळे बसवून पात्रे घडवायला सांगावीत, नावे लपवावीत आणि सगळ्यांना गेममधल्या चावडीपुढे आणून कोण कोण आहे ते विचारावे. ओळख पटली नाही, तर नवे पर्याय वाढवण्याआधी डोक्यावरचे आणि खांद्यावरचे थर पुन्हा काढायला घ्यावेत.