घरातील ज्येष्ठांची कागदपत्रे : सह्या होण्याआधीची तयारी

मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून आई-वडिलांच्या वयाची माणसे घेऊ नयेत, हे यादीत सर्वांत वर लिहितो आहे, कारण बाकीचे सगळे सांभाळून मागच्या वेळी नेमके हेच माझ्याकडून राहिले. वडिलांच्या दोन जुन्या स्नेह्यांनी आपलेपणाने सह्या केल्या होत्या आणि मृत्युपत्र उघडण्याची वेळ आली तेव्हा दोघांपैकी एकही हयात नव्हता. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार मृत्युपत्र करणाऱ्याची सही किमान दोन साक्षीदारांनी पाहिलेली असावी लागते, किंवा ती आपली असल्याचे त्याने त्यांच्याजवळ मान्य केलेले असावे लागते, आणि त्या दोघांनी त्याच्या समक्ष सह्या कराव्या लागतात. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. विसरले जाते ते पुढचे : ते मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायचे झाले, तर या साक्षीदारांपैकी निदान एकाने, तो हयात आणि येण्याजोगा असेल तर, तिथे उभे राहून साक्ष द्यावी लागते. दोघेही नसतील तर निदान एका साक्षीदाराचे आणि मृत्युपत्र करणाऱ्याचे हस्ताक्षर ओळखणारी माणसे व त्यांच्या जुन्या सह्यांचे कागद शोधत फिरावे लागते. आमच्या मृत्युपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी दोन देखण्या, वळणदार सह्या होत्या, त्यांखाली नावे होती आणि पत्ता म्हणून केवळ इमारतीचे नाव. वय नाही, दूरध्वनी क्रमांक नाही, त्यांच्या घरातल्या कोणाचाही ठावठिकाणा नाही.

म्हणून साक्षीदार वयाने बराच लहान हवा, एका जागी स्थिरावलेला हवा, आणि मृत्युपत्रातून ज्याला काहीही मिळणार नाही असा हवा. सहीखाली त्याचे पूर्ण नाव, वय, व्यवसाय आणि कायमचा पत्ता लिहून घ्यावा. पालकांना नियमित तपासणारा तरुण डॉक्टर तयार झाला तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही, कारण सही करताना माणूस भानावर होता हेही तोच सांगू शकतो. तो तयार नसेल तर निदान त्याच दिवसाच्या तारखेचे प्रमाणपत्र घ्यावे. कायद्याने ते सक्तीचे नाही, पण आठवडाभर आधीच्या तारखेचे प्रमाणपत्र वाद उद्भवल्यावर फारसे कामाला येत नाही. नोंदणी केली की साक्षीदारांची गरज संपते, ही समजूत मात्र सोडून द्यावी. नोंदणीकृत मृत्युपत्रही साक्षीदारामार्फतच सिद्ध करावे लागते.

नोंदणी ऐच्छिक आहे, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि साध्या कागदावरचे मृत्युपत्रही वैध असते. तरीही नोंदणी करावी, कारण मूळ प्रत हरवली तरी सरकारी दप्तरात नोंद राहते. पालकांना घराबाहेर पडणे शक्य नसेल तर नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये विशेष कारणास्तव अधिकाऱ्याने घरी येण्याची तरतूद आहे. त्यासाठी दुय्यम निबंधकांकडे अर्ज करावा आणि वैद्यकीय कारणाचा कागद सोबत जोडावा.

मसुदा करताना मुलांनी, विशेषतः ज्याला अधिक मिळणार आहे त्याने, खोलीबाहेर राहावे. ज्याचा फायदा होणार त्यानेच मृत्युपत्र घडवून आणण्यात पुढाकार घेतला असेल तर ती संशयास्पद परिस्थिती ठरू शकते आणि संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात १९५९ च्या सुमारासच सांगून ठेवले आहे. आपण धावपळ करतो ती प्रेमापोटी असते, पण कागदावर ती वेगळी दिसते. मिळकतीचे वर्णन गट क्रमांक, क्षेत्रफळ, सदनिका क्रमांक यांसह करावे आणि ‘याखेरीज जी काही मिळकत असेल ती’ कोणाकडे जाईल याचे एक वाक्य शेवटी असलेच पाहिजे. ते नसेल तर नंतर उघडलेली एखादी ठेव मृत्युपत्राबाहेर राहते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीपासून त्या मिळकतीत मुलींचाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य मसुद्याच्या बैठकीत कोणीही उच्चारू नये.

आईचे मृत्युपत्र वेगळे करावे. तिच्या नावावर काय आहे, हा प्रश्न विचारून ते टाळले जाते. पण विवाहित हिंदू स्त्री पती आणि संतती मागे न ठेवता मृत्युपत्राविना गेली, तर तिची स्वकष्टार्जित मिळकत तिच्या आई-वडिलांआधी पतीच्या वारसांकडे जाते. पतीच्या पश्चात एकट्या उरलेल्या मावशीच्या किंवा आत्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. आणि हो, तिच्या मृत्युपत्राचे साक्षीदारही तरुणच हवेत. तिच्या मैत्रिणी नकोत.

कुलमुखत्यारपत्राविषयी, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदाविषयी, सर्वांत मोठा गैरसमज असा, की आई-वडिलांना काही समजेनासे झाले की ते उपयोगी पडेल. प्रत्यक्षात उलट आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याचे मन विकल झाले की दिलेला अधिकार संपतो, त्यामुळे स्मृतिभ्रंश बळावल्यानंतर ते कागद पुढे करणे धोक्याचे आहे आणि त्यांच्यासाठी कायदेशीर पालक (गार्डियन) नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून कुलमुखत्यारपत्र हे फक्त शरीर थकले पण बुद्धी शाबूत आहे अशा काळासाठी करावे, आणि त्यापुढच्या काळासाठी बँकेची खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने आधीच संयुक्त करून ठेवावीत. सह्या थरथरू लागण्याआधी बँकेत नवी नमुना सही देऊन ठेवावी. जुनी सही जुळत नाही म्हणून परत आलेला धनादेश म्हाताऱ्या माणसाला फार लागतो.

घर जिवंतपणीच मुलाच्या नावावर करण्याचा सल्ला देणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात. बक्षीसपत्र झाले की मालकी गेली, आणि मृत्युपत्रासारखे ते मनात आले तेव्हा बदलता येत नाही. करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी, कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ हे अशी अट मोडली गेल्यास हस्तांतरण रद्द ठरवण्याची वाट देते. अटीशिवाय न्यायाधिकरणापुढे वाद घालत बसावे लागते.

उपचार कुठवर करायचे, याची पूर्वसूचनाही लिहून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी तिला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये कार्यपद्धती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. इथेही साक्षीदार तरुण हवेत, हे पुन्हा सांगतो आणि त्याबद्दल क्षमा मागत नाही.

आधार, पॅन, छायाचित्रे : असतातच, त्यावर शब्द खर्च करत नाही. नावे मात्र जुळवून घ्यावीत. शिधापत्रिकेवर एक, बँकेत दुसरे आणि मिळकतपत्रिकेवर माहेरचे, असे आईचे नाव जागोजागी बदललेले सापडते.

नॉमिनी सर्वत्र भरावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. परंतु बँकेतील ठेवीचा नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो, मालक ठरतो तो वारसा हक्काने किंवा मृत्युपत्राने, त्यामुळे नॉमिनी भरला म्हणून मृत्युपत्र टाळू नये. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतोच. त्याच आठवड्यात दोन्ही साक्षीदारांना फोन करावा, आणि एक जरी देशाबाहेर गेला असेल किंवा उरला नसेल, तर नव्या साक्षीदारांसह मृत्युपत्र पुन्हा करून घ्यावे.

उरलेले थोडक्यात : प्रत्येक पानावर सही, खाडाखोड नको, जुने मृत्युपत्र रद्द केल्याचा उल्लेख, तारीख. मूळ प्रत एकट्या वडिलांच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण त्यांच्या पश्चात तो लॉकर उघडण्यासाठीच बँक कागद मागेल.