दिवाडीवर जुनं घर घेतलंत? मग या चुका टाळा

जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी बेटावर येणारा नवा घरमालक मांडवी ओलांडेपर्यंतच सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मांडून मोकळा होतो. म्हणून आधी तेच सांगतो: चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चिरा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जाते. सिमेंटमागे कोंडते आणि दगडच खाते.

पुण्याच्या एका गृहस्थांना नाताळात पाहुणे बोलवायचे होते. चुना वाळेपर्यंत कोण थांबणार? दुसऱ्या कंत्राटदाराने दीड महिन्यात भिंती आरशासारख्या गुळगुळीत करून दिल्या. दोन पावसाळे गेले आणि मला फोन आला. कमरेइतकी ओल चढलेली, रंगाला फुगे. छिन्नी लावली तर गिलाव्याच्या खपलीला चिकटून चिऱ्याचं तोंडही निघून आलं, बोटभर जाडीचं. मागचा दगड नखाने खरवडला तरी भुगा पडत होता. नवे चिरे फेरीतून आणावे लागले. हल्ली मी गिलावा काढलेली भिंत एक उन्हाळाभर उघडीच ठेवतो. मग चुन्याचे पातळ थर, रोज पाणी मारत. मालक कुरकुरतात, कुरकुरू देत.

प्लास्टिक रंगही नको. चुन्यात पिवडी नाहीतर नीळ कालवा.

जुन्या जमिनीवर गुळगुळीत फरशी चढवली की खालची ओल भिंतीकडे वळते. बलकांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, काचेने बंद करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, काम सोडतो.

दुसरा माझा राग कुलपावर. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. नेमकं तेव्हाच घर बंद! एक कौल सरकतं, वासा भिजतो, कपाटामागे बुरशी धरते, वाळवीला रान मोकळं. शाकारणी, म्हणजे कौलांची डागडुजी, मे महिन्यातच उरका. जुनी कौलं टाकू नका, नव्यांचा साचा त्यांच्याशी जुळेलच असं नाही. किल्ली शेजारी द्या, आठवड्यातून दोनदा उघडीप बघून खिडक्या उघडायला सांगा. आणि त्याचे पैसे द्या, नुसता चिवडा नको.

जुन्या खिडक्यांची शिंपल्यांची तावदानं काढून सरकती काच बसवणाऱ्यांनो, मोडलेल्या घरांतले शिंपले मी डबा भरून ठेवलेत. तुटलेल्या तावदानाचं माप घेऊन या.